इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घरीच घालायचं तर काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की बॅटरीत पाणी घरीच घालता येईल का, आणि १२ व्होल्टचा शॉक लागत नाही तर भीती कशाची. पाणी जरूर घरी घाला. पण शॉक लागत नाही म्हणूनच माणसं बेफिकीर होतात, हे मी इन्व्हर्टर बसवायला जातो त्या घराघरांत पाहतो.

सुरुवातीच्या दिवसांत एका घरी मी दोन बॅटऱ्यांचं २४ व्होल्टचं कनेक्शन करत होतो. नट आवळताना पाना निसटला आणि शेजारच्या बॅटरीच्या टर्मिनलवर आडवा पडला. फाडकन आवाज, डोळे दिपवणारी ठिणगी, आणि पान्याच्या कडेचा शेंगदाण्याएवढा तुकडा वितळून गेलेला. तो पाना मी अजून जपून ठेवलाय. ग्रिल बनवणारा वेल्डर शंभर-सव्वाशे अँपिअरवर लोखंड जोडतो. १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर हजाराच्या वर अँपिअर सोडते. पान्याच्या जागी बोटातली अंगठी असती तर बोट गेलं असतं. म्हणून अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ आधी काढा, मंगळसूत्र किंवा चेन लोंबत असेल तर आत खोचा. खरं तर पाणी घालायला वायरी सोडवाव्याच लागत नाहीत, त्यामुळे पाना जवळही आणू नका.

दुसरी भीती गॅसची. चार्जिंग होत आलं की बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. जिन्याखालच्या बंद कपाटात बॅटरी आणि वरच्या फळीवर देव, अशी मांडणी मी कितीतरी घरांत पाहिली. बॅटरी किंवा देव, एकाला हलवाच. आणि लाईट गेल्यावर मेणबत्ती घेऊन बॅटरीत डोकावू नका. मोबाईलचा टॉर्च पुरे.

आता पाणी. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा आणि भिंतीतला प्लगही काढा. नुसता घराचा मेन स्विच पाडलात तर इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो उलट सुरू होतो. खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चष्मा किंवा गॉगल लावा, रबरी हातमोजे घाला, जुने कपडे घाला. ॲसिडचा शिंतोडा त्या वेळी दिसत नाही, धुतल्यावर शर्टाला भोकं दिसतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं नको, आरओचं नको, ॲसिड तर अजिबात नको. फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती कांडी, वरच्या खुणेला आला की थांबा. काठोकाठ भरलंत तर चार्जिंगला ॲसिड उतू येतं. झाकणं घट्ट लावून वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा.

जमिनीवर ॲसिड सांडलं तर खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. डोळ्यात गेलं तर सोडा नाही, फक्त स्वच्छ वाहतं पाणी, निदान पंधरा मिनिटं, आणि तडक दवाखाना.

बॅटरी फुगलेली दिसली, हाताला चटका बसण्याइतकी तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पाणी घालायला जाऊच नका. बटण बंद करा, प्लग काढा, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि मेकॅनिकला बोलवा.