‘सहाय्यक नायक’ नको, ‘पाठीराखा’ म्हणा

प्रश्न असा आहे: जपानी अद्भुतकथांत साहसवीरांच्या ‘पार्टी’तल्या ‘सपोर्ट’ पात्राला बिनकामाचं ठरवून हाकलतात, किंवा अपमान सोसून सोसून तोच बाहेर पडतो. अशी कथा मराठीत आणताना त्याला ‘सहाय्यक नायक’ म्हणावं का?

आधी लेखन. ‘सहाय’ म्हणजे सोबती, त्यावरून सहायक. ‘साहाय्य’ म्हणजे मदत, त्यावरून साहाय्यक. ‘सहाय्यक’ ही दोघांची सरमिसळ आहे, कितीही पाट्यांवर दिसली तरी. पण शुद्ध लिहूनही भागत नाही. ‘सहायक नायक’ म्हटलं की वाचक दुय्यम नायक समजतो, आणि इथे तर अख्खी गोष्ट त्याचीच आहे.

माझं मत ‘पाठीराखा’ला. वर्तमानपत्रांनी या शब्दाला संघाचा चाहता, पक्षाचा समर्थक असा पातळ अर्थ दिला आहे; मूळ चित्र मात्र पुढच्याला मागे वळून बघावं लागू नये म्हणून उभ्या असलेल्या माणसाचं आहे. या कथांत तो नेमकं तेच करतो. मशालीच्या उजेडात जखमा बांधतो, ढालींवर रक्षामंत्र घालतो, कुणाच्या पखालीत पाणी किती उरलंय हे त्यालाच ठाऊक असतं. लुटीची वाटणी करताना म्होरक्या विचारतो, ‘तू एक तरी राक्षस मारलास का?’ तो निघून जातो, आणि पुढच्याच गुहेत तलवारबाजाला कळतं की आपला हात इतका जड कधीच नव्हता.

एक अडचण आहे. मराठीत पाठीराखा बळकट असतो: देव, मोठा भाऊ. दुबळ्याला कुणी तसं म्हणत नाही. मला हे उलट फायद्याचं वाटतं. निवेदकाने पहिल्या पानापासून ‘पाठीराखा’ म्हणावं आणि इतरांच्या तोंडी ‘हरकाम्या’, चिडल्यावर ‘बुणगा’ घालावं. बुणगे म्हणजे फौजेबरोबरचं सामानसुमान आणि न लढणारा लवाजमा. ‘बाजारबुणगे’ ही आज शिवी झाली आहे. फौजेच्या आघाडीवरून आलेला ‘बिनीचा’ मात्र अजून गौरवाचा. या कथांतला अन्याय आपल्या शब्दांतही असा मुरलेला आहे, आणि ही जोडी शेजारी ठेवली की मला दर वेळी वाईट वाटतं.

‘पार्टी’साठी ‘चमू’ सुचेल. संस्कृतात तो स्त्रीलिंगी (गीतेत ‘महतीं चमूम्’), मराठीत पुल्लिंगी झाला. पण आता चमू तज्ज्ञांचा नाहीतर खेळाडूंचा असतो. ‘टोळी’ला दरोडेखोरांचा वास आहे, माणसं इतकी दुष्ट असतील तर तो असू द्यावा.

‘शोसेत्सुका नि नारो’ हे हौशी लेखकांचं संकेतस्थळ 2004 मध्ये सुरू झालं आणि हा कथाप्रकार तिथे फोफावला. तिथल्या वाचकांचे दोन लाडके शब्द तुम्हाला भेटतीलच. ‘त्सुइहो’ला सरळ ‘हकालपट्टी’. टोळीची दैना झाल्यावरचा ‘झामा’ येतो ‘झामा मिरो’वरून, म्हणजे ‘बघ तुझी काय दशा झाली’. त्याला ‘जिरली!’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. पाणी जमिनीत जिरतं तशी मस्ती जिरते: आधी वर खळखळाट, मग काहीच नाही.

आणि जखमा बऱ्या करणारी ती मुलगी असेल तर ‘पाठीराखी’ बिनदिक्कत लिहा: पाठीराखीने, पाठीराखीला. पुरुष असेल तर पाठीराख्याने, पाठीराख्याला.