बॅकअपची हार्ड डिस्क : पुन्हा तेच प्रश्न

गेल्या वेळी प्रिंटरवर लिहिलं, तरी आलेल्या पत्रांत निम्मी हार्ड डिस्कचीच निघाली. गाव बदलतं, प्रश्न तोच. म्हणून या खेपेला सगळे एकगठ्ठा घेतो.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने गंडवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा लहान दिसतो. जागा तेवढीच.

प्रश्न : लॅपटॉप ५१२ जीबीचा आहे. बॅकअपला केवढी डिस्क घ्यावी?

१ टीबी. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटोही त्यातच कोंबणार असाल तर २ टीबी.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज, मुलाकडे मॅक. एकच डिस्क दोन्हीकडे चालेल का?

एक्सफॅट या दोघांनाही कळणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलीत तर चालेल. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा हे काम डिस्क कोरी असतानाच उरका. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत असेल तर मॅक डिस्क वाचतो, पण जादा सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. मुलगा टाइम मशीन हा मॅकमधला बॅकअपचा प्रोग्रॅम वापरत असेल तर त्याला त्याची वेगळी डिस्क घेऊ द्या.

प्रश्न : ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) दीड हजारात मिळते आहे, चार स्टारही आहेत. घेऊ का?

नको. अशी एक डिस्क गिऱ्हाइकाने माझ्याकडे आणली होती. ती उघडली तर आत फोनमध्ये घालतात तसलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी! डिस्कमधला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला बेधडक १६ टीबी सांगतो. कॉपीही सुरळीत होते, फाइलींची नावं दिसतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं आणि ते कळतं फाइल उघडायला जाल तेव्हा. स्टार देणाऱ्यांनी पाकीट फोडून लगेच दिलेले असतात. आधीच घेऊन बसला असाल तर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हा फुकट प्रोग्रॅम चालवा. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. रिटर्नची मुदत संपायच्या आत चालवा, नंतर मला लिहून उपयोग नाही.

प्रश्न : एसएसडी घ्यावी की साधी हार्ड डिस्क?

रोज पिशवीतून नेणार असाल तर एसएसडी. ती वेगवान असते आणि आत फिरणारं काही नसल्याने पडली-आपटली तरी बहुधा निभावते. घरी ठेवून आठवड्याला एकदा जोडायची असेल तर साधी डिस्क पुरते, त्याच पैशांत जागाही जास्त मिळते. एसएसडी भरून वर्षानुवर्षं लॉकरमध्ये मात्र टाकू नका, वीज न मिळता पडून राहिली तर आतलं पुसट होऊ शकतं. दोन्हींतली कोणतीही घेतलीत तरी यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. ते बऱ्याचदा आतून निळं असतं.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ४ टीबीच्या डिस्कवर टाकतो आणि कॉम्प्युटर रिकामा करतो. बॅकअप पक्का राहावा म्हणून कोणत्या कंपनीची डिस्क भरवशाची?

कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण तुमच्याकडे बॅकअपच नाही. फोटो एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवलेत, एवढंच झालंय. प्रत एकच होती, एकच राहिली, तीही आता टेबलाच्या कडेला केबलवर लोंबकळणाऱ्या डबीत. साध्या डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. चालू असताना केबलला एक पाय अडकला की कोणाचं तरी लग्न गेलं. ते परत लावता येत नाही.

पीटर क्रोग या फोटोग्राफरनेच रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब आहे : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लोक तिसऱ्या आकड्याला हसतात. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, त्यानंतर एकाने माझ्याकडे दोन डिस्क आणल्या. माणूस शहाणा, प्रती दोन ठेवल्या होत्या. पण दोन्ही एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. यूएसबीच्या तोंडातून मी टाचणीने चिखल काढत होतो. तुमची एक प्रत घरी ठेवा, घर स्टुडिओच्या वरच असेल तर सासुरवाडीला.

आणि डिस्क चोवीस तास जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, आला तेव्हापासून सांगतोय, असा प्रोग्रॅम कॉम्प्युटरला कुलूप घालतो तेव्हा त्याला जोडलेली डिस्कही सोडत नाही. कॉपी झाली की इजेक्ट करा, काढा, डब्यात ठेवा. महिन्यातून एकदा त्यातल्या चार-पाच फाइली कुठूनही उचलून उघडून बघा. अल्बम दिल्यावर फोटो किती महिने सांभाळणार तेही बिलावर छापून टाका. नेमक्या किती डिस्क लागतील हे तुमचं रोजचं शूटिंग बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. तुमची मशीन बघणाऱ्या माणसाला आधी बसवून विचारा.

प्रश्न : डिस्क तीन आठवडे टक-टक आवाज करते, कधी दिसते, कधी नाही. वडिलांचे जुने फोटो त्यातच आहेत. शेजारी म्हणतात रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग लावा. वॉरंटी शिल्लक आहे.

तीन आठवडे! हे वाचून होण्याआधी ती काढा आणि पुन्हा लावू नका. प्रत्येक टक-टकीगणिक हेड तबकडी खरवडत असू शकतं. फ्रीजरमध्ये मटार ठेवा. गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं, आधीच दुखणं, त्यात पाणी. फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअरंही नकोत, ती डिस्कला तासन्‌तास पळवतात.

वॉरंटी डिस्कची असते, फोटोंची नाही. कंपनी बदली डिस्क देईल आणि तुमची ठेवून घेईल. त्यामुळे फोटो हवे असतील तर आधी क्लीन रूम, म्हणजे डिस्क उघडायला धूळ नसलेली खोली, असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. त्यापूर्वी त्यांनी डिस्क उघडली तर वॉरंटी राहील का, हे कंपनीला मेल करून लेखी घ्या. तपासणीचे पैसे किती, काहीच मिळालं नाही तर किती, आणि पैसे भरण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का, हे तीन प्रश्न काउंटरवरच विचारा. तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर डिस्क उचलून बाहेर पडा. नेताना ती जुन्या टॉवेलात गुंडाळा, स्कूटरच्या डिकीत सुटी टाकू नका.