तेच ते वर्तमानपत्र

(वाचकांचे प्रश्न, एका सिनेमावेडीची उत्तरं)

आधी कान पकडते. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) या सिनेमातला रोबो आणि 'लॉस्ट इन स्पेस' मालिकेतला रोबो एकच, असं मी गेल्या अंकात ठणकावून लिहिलं होतं. चूक. दोन्ही वेगळे आहेत. घडवणाऱ्यांतला माणूस तेवढा एक, रॉबर्ट किनोशिता, त्यामुळे काचेचं डोकं आणि पिंपासारखं पोट यांत भावकीचं साम्य दिसतं. शरमेची गोष्ट पुढेच आहे. सिनेमातला रॉबी १९६६ साली त्या मालिकेत पाहुणा म्हणून आला आणि घरच्या रोबोशी त्याची चांगली जुंपली. दोघं पडद्यावर समोरासमोर उभे राहून भांडले, आणि मी त्यांना एक ठरवून मोकळी! ज्यांनी पत्र पाठवून हे दाखवून दिलं त्यांचे आभार. एकांनी पत्रात तीन उद्गारचिन्हं दिली होती, त्यांचेही.

ताई, एका सिनेमासाठी बनवलेला रॉबी दुसऱ्यांच्या मालिकेत जातोच कसा? कुणी हरकत घेत नाही?
— पदार्थविज्ञानाचा एक विद्यार्थी

हरकत कसली घेतात, भाडं घेतात. रॉबी बनवायला भरपूर खर्च आला होता. एका सिनेमानंतर त्याला गोदामात धूळ खात ठेवणं कोणत्याही हिशेबनिसाला पटलं नसतं. 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका त्याच एमजीएम स्टुडिओच्या आवारात चित्रित व्हायची. मग काय, त्या सिनेमातली उडती तबकडी, अंतराळवीरांचे गणवेश आणि खुद्द रॉबी, सगळं त्या मालिकेत फिरताना दिसतं. एखाद्या भागात तबकडी उतरते तेव्हा जाणकार प्रेक्षक दचकत नाही, 'आलीस का बाई पुन्हा' म्हणतो.

दोन कलाकृतींत नातं दिसलं की लोक आधी गूढ अर्थ शोधायला लागतात. मी आधी विचारते, हे सामान कोणाच्या गोदामातलं? दहातल्या सात वेळा उत्तर तिथेच मिळतं. उरलेल्या तीन वेळा वकिलाकडे.

'मॉडर्न फॅमिली'मध्ये वडील जे वर्तमानपत्र वाचत बसतात तेच मला 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये दिसलं. तोच फोटो, तीच मांडणी. नवरा म्हणतो, तुला भास होतात. काय सांगू त्यांना?
— पैजेवर अडून बसलेली एक वाचक

पैज जिंकलात. मिस्टरांना हे पान वाचायला द्या आणि वसुली करा.

ते खरं वर्तमानपत्र नाहीच. कॅलिफोर्नियातला अर्ल हेज प्रेस नावाचा छापखाना १९१५पासून सिनेमावाल्यांसाठी खोटी वर्तमानपत्रं, खोटी लेबलं, खोट्या नंबरप्लेटा अशा वस्तू बनवतो. तुम्ही पाहिलेला अंक त्यांनी १९६०च्या दशकात पहिल्यांदा छापला आणि त्याचे गठ्ठे अजून खपतात. खूण लक्षात ठेवा: कॅमेऱ्याकडे असलेल्या पानावर लांब, काळ्याभोर केसांच्या एका तरुणीचा फोटो. 'मॅरिड विथ चिल्ड्रन'मध्ये आहे, 'स्क्रब्ज'मध्ये आहे, आणखी कुठे कुठे आहे ते मोजणं मी सोडून दिलं.

मला ही बाई पहिल्यांदा सापडली ती व्हीसीआरच्या काळात. दादा आणि मी एकच दृश्य मागेपुढे करत होतो. थांबवलं की पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि बाईचा चेहरा नेमका त्या रेघांखाली. शेवटी पडद्याला नाक लावून मी तिच्या केसांचा भांग वहीत काढून ठेवला, डावीकडे की उजवीकडे. दोन महिन्यांनी दुसऱ्या मालिकेत तोच भांग दिसला आणि मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की दादा स्वयंपाकघरातून धावत आला. त्याला वाटलं, टीव्ही पेटला.

खोटं वर्तमानपत्र कशाला, हे ओघानं आलंच. खरं दाखवायचं तर परवानगी हवी, त्यातल्या प्रत्येक फोटोचे हक्क हवेत, आणि तारीख दिसली की कथेचा काळ अडकला. शिवाय एकच दृश्य दहादा घेताना पान दहादा तेच लागतं, त्यासाठी गठ्ठा लागतो.

याच जातीची आणखी दोन उदाहरणं घाईत सांगते. अमेरिकी मालिकांतले फोन नंबर ५५५नं सुरू होतात, कारण खऱ्या नंबरावर प्रेक्षक हमखास फोन लावतात आणि ज्याचा तो नंबर असेल त्याची झोप उडते. आणि ओशॅनिक एअरलाइन्स ही खोटी विमान कंपनी. 'लॉस्ट'मध्ये (२००४) बेटावर कोसळतं ते विमान ओशॅनिकचं. हीच कंपनी १९९६च्या 'एक्झिक्युटिव्ह डिसिजन' सिनेमात अपहरणाच्या संकटात सापडली होती. आपलं नाव रंगवलेलं विमान पडद्यावर पाडायला कोणती खरी कंपनी हो म्हणेल? या दुर्दैवी कंपनीची तिकिटं अजून विकली जातात याचंच मला नवल वाटतं.

माझा मुलगा म्हणतो की जगातल्या अर्ध्याअधिक मालिका एका लहान मुलाच्या कल्पनेत घडतात. तो मला तक्ता काढून दाखवतो. मी हसण्यावारी नेलं तर रुसतो. यात काही तथ्य आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका

बाई, तक्ता खरा आहे, निष्कर्ष कच्चा आहे. मुलाला पैकीच्या पैकी देऊ नका, पण नापासही करू नका.

'सेंट एल्सव्हेअर' ही रुग्णालयातली मालिका १९८२ ते १९८८ चालली. शेवटच्या भागाचं शेवटचं दृश्य असं: साध्याशा घरात टॉमी नावाचा स्वमग्न मुलगा हातात काचेचा गोळा घेऊन बसलाय. हलवला की आत बर्फ पडतं, तसला गोळा. दारातून एक बांधकाम कामगार येतो. सहा वर्षं आपण त्याला डॉक्टर वेस्टफॉल म्हणून ओळखत आलोय. खुर्चीत आजोबा बसलेत. ते म्हणजे त्याच भागात नुकतेच वारलेले डॉक्टर ऑशलँडर. हा मुलगा दिवसभर त्या गोळ्यात काय बघतो कळत नाही, असं बाप म्हणतो, गोळा टीव्हीच्या डोक्यावर ठेवतो आणि सगळे जेवायला जातात. कॅमेरा जवळ जातो. गोळ्याच्या आत रुग्णालयाची इमारत.

म्हणजे सहा वर्षांची मालिका टॉमीच्या डोक्यात घडली. इथवर ठीक. मग चाहत्यांनी हिशेब मांडला. या मालिकेतले डॉक्टर १९८५ साली 'चिअर्स' मालिकेतल्या बारमध्ये जाऊन बसले होते, मग 'चिअर्स' टॉमीची. त्यातून निघालेली 'फ्रेझियर' टॉमीची. 'सेंट एल्सव्हेअर'मधली डॉक्टर रोक्सन टर्नर १९९८ साली 'होमिसाइड' या पोलीस मालिकेत आली, मग तीही टॉमीची. आणि 'होमिसाइड'मध्ये होता डिटेक्टिव्ह जॉन मंच. इथून पुढे तक्ता जमिनीवर अंथरावा लागतो.

मंच हा माणूस कुठे म्हणून गेला नाही! रिचर्ड बेल्झरनं तो 'होमिसाइड'मध्ये रंगवला, तिथून 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये नेला, १९९७ साली 'द एक्स-फाइल्स'च्या एका भागात चौकशीच्या खोलीत बसवला, मग 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या पोलीस मालिकेत वर्षानुवर्षं नोकरीला लावला, आणि अधूनमधून 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'सारख्या विनोदी मालिकेतही डोकावून आला. वाहिन्या बदलल्या, निर्माते बदलले, नट तोच आणि पात्रही तेच.

माझ्या वहीतलं सगळ्यात लाडकं पान मात्र 'द वायर'चं आहे. 'होमिसाइड' ज्या पुस्तकावरून निघाली ते डेव्हिड सायमनचं. बाल्टिमोरच्या खऱ्या पोलिसांसोबत राहून त्यानं ते लिहिलं होतं. त्यातल्या जे लँड्समन या खऱ्या अधिकाऱ्यावरून मंच बेतला. पुढे सायमननं 'द वायर' काढली. तिच्यात जे लँड्समन नावाचं एक पात्र आहे, ते साकारलं डेलनी विल्यम्स या नटानं. खरे लँड्समनही त्याच मालिकेत आहेत, पण लेफ्टनंट मेलो या भलत्याच भूमिकेत. आणि २००८ साली शेवटच्या पर्वात एका बारमध्ये क्षणभर कोण दिसतं? मंच. म्हणजे एकाच मालिकेत खरा माणूस दुसऱ्याच नावानं, त्याचं नाव तिसऱ्याच नटाला, आणि त्याच्यावरून बेतलेलं पात्र बारमध्ये पीत बसलेलं. हे मी पहिल्यांदा जुळवलं त्या रात्री झोप लागली नाही, आणि सांगायला घरात जागं कुणी नव्हतं.

आता तुमच्या मुलाच्या निष्कर्षाकडे. माझ्या स्वप्नात मावशी आली म्हणून मावशी खोटी ठरत नाही. टॉमीनं कल्पनेत 'चिअर्स'चा बार पाहिला असेल, पण त्यामुळे तो बार त्याच्या डोक्यातच आहे हे सिद्ध होत नाही. एक पात्र दोन घरांत दिसलं की दोन्ही घरं एकाच्या मालकीची, हे गणित चुकतंय. खरं कारण पुन्हा पडद्यामागचंच. टॉम फोंटाना हा लेखक 'सेंट एल्सव्हेअर'वर होता आणि पुढे 'होमिसाइड'वरही. जुन्या घरातली पाहुणी त्यानं नव्या घरी जेवायला बोलावली, इतकंच. मुलाला सांगा, तक्त्यात पात्रांच्या रेघांशेजारी लेखकांच्या रेघा वेगळ्या रंगानं काढ. रुसवा जाईल आणि चार दिवस घर शांत राहील.

सिनेमावरून मालिका निघते किंवा मालिकेवरून सिनेमा, तेव्हा तीच माणसं का ठेवत नाहीत? फार राग येतो.
— एक वाचक, पत्रावर सही वाचता आली नाही

कारण पगार, आणि तारखा. सिनेमाचा नट दोन-तीन महिने देतो, मालिकेला वर्षं द्यावी लागतात. 'मॅश' बघा, कोरियाच्या युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची गोष्ट. सिनेमा १९७०चा, मालिका १९७२ ते १९८३. प्रमुख नटांपैकी रडार नावाचं पात्र साकारणारा गॅरी बर्गहॉफ तेवढा इकडून तिकडे गेला, बाकी सगळा संच नवा. कोरियाचं युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका अकरा! सिनेमाच्या शीर्षकगीताचे शब्द दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांच्या शाळकरी मुलानं लिहिले होते. मालिकेनं शब्द गाळून चाल ठेवली. आपल्याला सिनेमाचे ७० हजार डॉलर मिळाले आणि पोरानं गाण्यावर दहा लाखांहून जास्त कमावले, असं ऑल्टमन यांनीच टीव्हीवर सांगितलं होतं.

पुढे 'ट्रॅपर जॉन, एम.डी.' आली. त्यातला डॉक्टर 'मॅश'मधलाच ट्रॅपर, वयानं वाढलेला. तो सिनेमातला वंशज की मालिकेतला, यावर प्रकरण कोर्टात गेलं, कारण मालिकेच्या निर्मात्यांना त्यात वाटा हवा होता. निकाल लागला: हा सिनेमाचा. पात्राचं कूळ न्यायाधीशांनी ठरवल्याचं हे माझ्या वहीतलं एकमेव उदाहरण.

उलटा प्रवास हवा असेल तर 'पोलीस स्क्वाड!' बघा. ही विनोदी पोलीस मालिका १९८२ साली सहा भागांत बंद पडली. ही मालिका कळायला लक्ष देऊन बघावी लागते, असं कारण वाहिनीच्या साहेबांनी दिलं. सहा वर्षांनी तोच लेस्ली नील्सन, मालिकेतलाच पोलीस फ्रँक ड्रेबिन घेऊन 'द नेकेड गन' आला आणि तुफान चालला. हाच नील्सन 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये यानाचा कमांडर होता, रॉबीचा पहिला सहकलाकार. पानाच्या सुरुवातीची माझी चूक अशी फिरून पुन्हा समोर आली.

आपल्याकडे 'खिचडी' पाहा. मालिका २००२ची, सिनेमा २०१०चा, आणि जवळजवळ तोच संच. फक्त जयश्री बदलली, वंदना पाठक यांच्याऐवजी निमिषा वखारिया. २०२३च्या दुसऱ्या सिनेमात वंदनाताई परत आल्या. हंसा अर्थातच सुप्रिया पाठक. हे सगळं लिहिणारे आतिश कपाडिया यांनीच 'साराभाई व्हर्सेस साराभाई' लिहिली, आणि तिथली माया म्हणजे सुप्रियाताईंच्या सख्ख्या बहीण रत्ना पाठक शाह. याच दोघी बहिणी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या 'इधर उधर'मध्ये एकत्र होत्या. ती ज्यांना आठवते त्यांच्यासाठी हंसा आणि माया या दोन घरांच्या मधली भिंत फार पातळ आहे.

सगळ्या मारधाडीच्या सिनेमांत मरणारा माणूस एकाच आवाजात का ओरडतो?
— इयत्ता नववीतला एक वाचक

शाब्बास, कान तयार आहे. १९५१च्या 'डिस्टंट ड्रम्स'मध्ये दलदलीत एकाला मगर ओढून नेते, त्यासाठी ती किंकाळी ध्वनिमुद्रित केली होती. आवाज बहुधा शेब वूली या गायक-नटाचा. मग ती स्टुडिओच्या साठ्यात गेली. १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी बेन बर्ट या ध्वनिकारानं ती शोधून वापरली, नंतर मुद्दाम वापरत राहिला, आणि इतर ध्वनिकारांनी गंमत म्हणून ती उचलली. आता शेकडो सिनेमांत आणि मालिकांत आहे. तिला नावही बर्टनंच दिलं: विल्हेल्म. ते आलं १९५३च्या 'द चार्ज ॲट फेदर रिव्हर'मधून. त्यात विल्हेल्म नावाचा शिपाई घोड्यावर मागे रेंगाळून पाईप भरत असतो, आणि मांडीत बाण बसतो. किंकाळी मगरीनं धरलेल्याची, नाव मात्र बाण लागलेल्याचं.