ब्लू-टंग सरड्याच्या पिल्लांना पक्ष्यांपासून वाचवायला वरून जाळी टाकली की पुरे का?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला घरामागच्या बागेत ब्लू-टंगच्या दोन पिल्लांसाठी उघडा वाफा केलाय, कुंपणावर कुकाबुरा येऊन बसायला लागलाय, आणि फळझाडांवर टाकतात ती नायलॉनची जाळी वरून पसरली तर भागेल का. नाही भागणार. पक्का पिंजरा होईपर्यंत पिल्लं आजच घरात घ्या.

कुकाबुरा आपल्या खंड्याच्याच कुळातला, पण हा मासे सोडून सरडे, साप, उंदीर, किडे धरतो. उंचावर हलता न डुलता बसतो, खाली काही सरपटलं की सरळ झेप, आणि मग भक्ष्य फांदीवर आपटतो. ब्लू-टंग म्हणजे भलीमोठी सापसुरळीच, पण जन्मतः वीतभरही नसते, जेमतेम १३-१४ सेंटीमीटर. कुकाबुरासाठी एक घास.

मीही कुकाबुराचीच धास्ती घेतली होती. वर-खाली, चहूबाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारली आणि निर्धास्त झाले. घाला घातला तो करड्या बुचरबर्डने. साळुंकीहून थोडा मोठा पक्षी, चोचीच्या टोकाला आकडा. आपल्याकडच्या खाटीक पक्ष्याचा हा जवळचा नातलग नाही, पण भक्ष्य काट्याला अडकवायची सवय तीच. सकाळी पिल्लू जाळीला अंग लावून ऊन खात पडलं होतं. पक्षी बाहेरून जाळीला लटकला, भोकातून चोच आत घातली आणि शेपूट धरून ओढायला लागला. मी ओरडत धावले तोवर शेपूट अर्धं तुटलं होतं. पिल्लू वाचलं. शेपूट नंतर वाढलं, पण आखूड आणि बोथट. ती सकाळ मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्याकडे जाळी दुहेरी आहे. लाकडी चौकटीला बाहेरून १२ मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी, आतून ६ मिलिमीटरची, आणि मध्ये ५ सेंटीमीटर मोकळी जागा, म्हणजे चोच आतपर्यंत पोचत नाही. छपरालाही तसंच. ऊन खायचा दगड बाजूला नको, मधोमध ठेवा, आणि त्याला लागूनच कौल पालथं घाला, म्हणजे पक्ष्याची सावली पडली की पिल्लू एका उडीत आत. अर्ध्या छपरावर पत्रा टाका, उन्हाळ्यात तो लागतोच. सगळं छप्पर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं मात्र करू नका, त्यातून हाडांसाठी गरजेचे अतिनील-बी किरण आत येत नाहीत.

नायलॉनची जाळी नको याचं आणखी एक कारण आहे. सैल जाळीत ब्लू-टंगच अडकतात, खवल्यांत दोरा रुततो आणि सुटायच्या धडपडीत आणखी आवळतो. व्हिक्टोरियात सप्टेंबर २०२१पासून घरच्या फळझाडांवरची जाळीसुद्धा ताणल्यावर ५ मिलिमीटरहून मोठ्या भोकाची चालत नाही. भोकातून बोट गेलं तर ती जाळी टाकून द्या.

पक्ष्यांना दगड मारणं, सापळे लावणं मनातही आणू नका. ते इथले आहेत, कायद्याने संरक्षित आहेत. वाफ्यात उरलेलं खाणं मात्र संध्याकाळी उचला, त्याने उंदीर येतात, आणि उंदरांमागे कुकाबुरा.

जाळी मारून झाली की आतून सगळीकडे हात फिरवून बघा. कापलेल्या तारेची टोकं तुमच्या बोटाला लागली तर पिल्लांच्या पोटालाही लागतील. ती पक्कडीने वळवून टाका, मगच पिल्लं सोडा.