मुंबई ते गोवा विमानाचे अंतर सव्वाचारशे किलोमीटर असताना प्रवासाला सव्वा तास का लागतो?

आपला हिशेब असा आहे की विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणून मुंबईहून गोव्याला ते अर्ध्या तासात पोहोचले पाहिजे. तरीही तिकिटावर सव्वा तास दाखवतात. मडगावच्या लग्नासाठी कोणत्या विमानतळावर उतरावे, हेही आपण विचारले आहे. मी फोंड्याला राहतो आणि या मार्गाने वर्षातून अनेकदा ये-जा करतो.

अंतराचा आपला आकडा गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळीपुरता बरोबर आहे. मुंबई विमानतळापासून दाबोळी सरळ रेषेत सुमारे 425 किलोमीटर भरते, तर दुसरा विमानतळ, पेडणे तालुक्यातील मोपा, उत्तरेकडे असल्यामुळे सुमारे 390 किलोमीटरच भरते. रस्त्याने हेच अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जाते, कारण रस्त्याला घाट, नद्या आणि गावे यांना धरून वळावे लागते.

वेळेचे मात्र तसे नाही. तिकिटावरची वेळ विमान मुंबईच्या गेटपासून सुटते तेव्हा सुरू होते आणि गोव्यात जागेवर उभे राहते तेव्हा संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी त्यांपैकी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानाला रांगेत थांबावे लागते. हवेत गेल्यावरही पूर्ण वेग लगेच मिळत नाही. उंची गाठण्यात पहिली पंधरा-वीस मिनिटे जातात, आणि वर जेमतेम स्थिरावले की उतरण्याची तयारी सुरू होते. चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ मी अनेकदा मोजला आहे आणि तो साधारण पन्नास मिनिटांच्या आसपास येतो. उरलेला वेळ जमिनीवरचाच असतो.

म्हणूनच जवळच्या प्रवासात किलोमीटरला वेगाने भागून वेळ काढू नये. गोवा–दिल्ली अंतर सुमारे 1500 किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीन पट आहे, पण वेळ अडीच तासांच्या जवळपास, म्हणजे दुपटीच्या आसपासच लागतो. रांग, चढण आणि उतार दोन्हीकडे जवळजवळ तेवढेच असतात. वाढतो तो फक्त मधला वेगवान टप्पा.

आता विमानतळाविषयी. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि तेव्हापासून 'गोवा' एवढेच वाचून तिकीट काढणे धोक्याचे झाले आहे. हवेतले अंतर मोप्याला कमी असले, तरी तेथून मडगाव साठ किलोमीटरहून दूर आहे, आणि दाबोळीपासून ते पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. आकाशात वाचलेली तीन-चार मिनिटे मांडवी आणि जुवारी ओलांडताना कितीतरी पटींनी खर्च होतील. आपल्या नातेवाइकांचे घर पेडणे, म्हापसा किंवा सावंतवाडीकडे असते, तर मी निःशंकपणे मोपा सुचवले असते. मडगावसाठी दाबोळीच घ्यावे. तेथे धावपट्टी नौदलाची असल्यामुळे सकाळचे काही तास नागरी विमानांवर मर्यादा असतात, म्हणून मुहूर्त दुपारचा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी येणे बरे.

परतीचे तिकीट काढतानाही विमानतळाचे नाव पुन्हा एकदा पाहावे, कारण एकाच आरक्षणात येताना दाबोळी आणि जाताना मोपा असे असू शकते.