पॅडल म्हणजे काय? टेनिस कधी खेळलो नाही, ठाण्यात सुरू करायचा विचार आहे, जमेल का?

जमेल. पॅडल हा टेनिससारखाच बॅट-चेंडूचा खेळ, पण उलट टेनिसवाल्यांनाच आधी त्रास होतो, कारण ते जोर लावतात.

कोर्ट २० बाय १० मीटर, चारी बाजूंनी काच आणि जाळी. खेळ बहुतेक दोघं विरुद्ध दोघं. बॅटला तारा नसतात, भोकं असतात. सर्व्हिस टप्पा देऊन, कमरेच्या वर न जाता. गुण टेनिससारखेच, १५-३०-४०.

खरी गंमत काचेत. चेंडू तुमच्या बाजूला टप्पा खाऊन मागच्या काचेवर आपटला तरी खेळ चालूच. दुसऱ्या टप्प्याआधी परतवायचा. पहिल्या दिवशी चेंडू मागे गेला म्हणून मी पाण्याच्या बाटलीकडे निघालो, तेवढ्यात पार्टनर ओरडला, "अरे, येतोय परत!" पाठमोरा उभा होतो, काय मारणार?

१९६९ साली मेक्सिकोतल्या आकापुल्कोत एन्रिके कोरकुएरा यांनी घरीच असं भिंतींचं कोर्ट बांधलं. पुढे स्पेन, अर्जेंटिनाने ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडे पसरतंय कारण जागा टेनिसपेक्षा कमी लागते आणि कोर्टाचं भाडं चौघांत वाटलं जातं.

बॅट लगेच विकत घेऊ नका, भाड्याची मिळते का विचारा. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत; पावसाळ्यात ओल्या टर्फवर पाय सटकतो.