अधिकार नसलेली रीजनल प्लॅनिंग कौन्सिल चालते कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत शेजारशेजारची शहरं आणि काउंट्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रीजनल प्लॅनिंग कौन्सिल काढून एकत्र काम करतात, पण त्या कौन्सिलला कुणाला हुकूम सोडायचा अधिकारच नसतो, मग ती चालते कशी, की सगळा कारभार नुसत्या मीटिंगा आणि रिपोर्टांचा? मी तिकडे अशाच एका कौन्सिलमध्ये ट्रॅफिकच्या आकड्यांवर सहा वर्षं काम केलंय, त्यामुळे आतून जे दिसलं ते सांगतो. थोडक्यात हवं असेल तर कौन्सिल दोन गोष्टींवर चालते, सगळ्यांनी मान्य केलेला आकडा आणि तिच्या टेबलावरून जाणारा पैसा. यातलं एक जरी निसटलं तरी मग खरंच मीटिंगाच उरतात.

आधी आकड्याचं सांगतो कारण लोक ते फार हलक्यात घेतात. आमच्याकडे दोन छोटी शहरं होती, मधून एक रस्ता, आणि शहराच्या हद्दीची पाटी बरोबर एका ओढ्याच्या पुलाशी. अलीकडच्या शहराच्या प्लॅनमध्ये तो रस्ता चार लेनचा, पलीकडच्या शहराच्या प्लॅनमध्ये दोनच लेनचा, म्हणजे कागदावर बघितलं तर पुलाच्या मधोमध दोन लेन हवेत संपत होत्या. दोन्हीकडचे इंजिनिअर आपापला ट्रॅफिक काउंट घेऊन यायचे आणि दोघांनाही मनापासून वाटायचं की समोरचा फसवतोय. नीट बघितल्यावर कळलं की एकाने मोजणी केलेली जुलैत, शाळा बंद असताना, आणि दुसऱ्याने ऑक्टोबरमध्ये. खोटं कुणीच बोलत नव्हतं! मग कौन्सिलने काय केलं तर हद्दीच्या पाटीपाशी रस्त्यावर आडव्या काळ्या रबरी नळ्या टाकल्या, त्या असतात ना, चाक वरून गेलं की आतल्या हवेवर दाब येतो आणि बाजूच्या डब्यात नोंद होते, त्या, आणि नळ्या टाकताना दोन्ही शहरांच्या माणसांना उभं केलं. आठवडाभराचा आकडा आला, दोघांनी सही केली, आणि शेवटी ठरलं की चारही नको आणि दोनही नको, तीन लेन, मधली वळणाऱ्या गाड्यांसाठी. वर्षानुवर्षं भिजत पडलेलं घोंगडं एका आठवड्याच्या मोजणीने सुटलं, आणि यात कौन्सिलने कुणालाही हुकूम दिला नव्हता.

आता पैसा. १९६२ च्या फेडरल हायवे कायद्याने अट घातली की ५०,००० च्या वर वस्ती असलेल्या शहरी भागाला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा पाहिजे असेल तर त्या भागातल्या सगळ्या स्थानिक सरकारांना आणि राज्याला मिळून सतत चालणारं, सर्वांगीण आणि सहकार्याचं नियोजन दाखवावं लागेल. पुढे या कामासाठी जी संस्था ठरली तिला एमपीओ म्हणजे मेट्रोपॉलिटन प्लॅनिंग ऑर्गनायझेशन म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी रीजनल कौन्सिलच एमपीओ असते. तिला दोन कागद करावे लागतात, एक निदान २० वर्षांचा लांबचा प्लॅन आणि दुसरा निदान ४ वर्षांच्या कामांची यादी, तिला टीआयपी म्हणजे ट्रान्सपोर्टेशन इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम म्हणतात. ज्या कामाला केंद्राचा पैसा लागतो ते या यादीत नसेल तर पैसा मिळत नाही, इतकं साधं आहे. आणि १९९१ च्या कायद्यापासून यादीत तेवढीच कामं घालता येतात जेवढा पैसा खरोखर येईल असा अंदाज आहे. माझ्या मते सहकार्याचं खरं इंजिन हीच अट आहे. नुसती इच्छांची यादी करायची असती तर प्रत्येक महापौराने आपलं घोडं पुढे दामटलं असतं आणि सगळेच खूश होऊन घरी गेले असते, पण बेरीज ठरलेली असली की तुमचा पूल घालायचा तर माझा चौक एक वर्ष मागे जातो, हे समोरासमोर बसून बोलावंच लागतं.

पैशाची वाट बंद झाली की काय होतं तेही घडून गेलंय. १९६९ मध्ये केंद्राने ए-९५ नावाचं परिपत्रक काढलं, त्यात असं होतं की एखाद्या शहराने केंद्राकडे अनुदानाचा अर्ज केला की तो आधी रीजनल संस्थेकडे शेऱ्यासाठी जायचा. शेरा बंधनकारक नव्हता, पण वाईट शेरा घेऊन वॉशिंग्टनला जायला कुणाला आवडेल, त्यामुळे शहरं आधीच येऊन बोलायची. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने ती पद्धत गेली, केंद्राचे इतरही निधी आटले, आणि कितीतरी कौन्सिलांना हातपाय आखडून घ्यावे लागले. ज्या टिकल्या त्यांनी वाहतुकीचं काम धरून ठेवलं किंवा शहरांना उपयोगी पडतील अशा सेवा सुरू केल्या. कॅन्सस सिटीची कौन्सिल याचं चांगलं उदाहरण आहे, तिचा भाग दोन राज्यांत पसरलाय, ९ काउंट्या आणि शंभरावर शहरं, आणि तिथली ९११ ची इमर्जन्सी फोन यंत्रणा ती कौन्सिल सगळ्यांसाठी मिळून सांभाळते. फोन करणाऱ्याला आपण राज्याच्या सीमेच्या कुठल्या बाजूला उभे आहोत याच्याशी काय देणंघेणं, त्याला ॲम्ब्युलन्स पाहिजे असते.

मला स्वतःला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे फ्लोरिडातलं वादळाचं. टॅम्पा बेच्या भागाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पिनेलस काउंटी हा द्वीपकल्प आहे, तिन्ही बाजूंना पाणी, एका काउंटीत २४ शहरं, आणि पूर्वेला हिल्सबरो काउंटीत जायचं तर खाडीवरचे लांब लांब पूल. वादळ येतंय म्हणून पिनेलसने लोकांना घरं सोडायला सांगितलं की त्या गाड्या पूल ओलांडून हिल्सबरोच्या रस्त्यांवर येणार, आणि त्याच वेळी हिल्सबरोने आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना बाहेर काढलं तर दोन्ही लोंढे एकाच हायवेवर. वारा वाढला की पूल बंद करावे लागतात, म्हणजे उशीर करायचीही सोय नाही. एकटी काउंटी हे गणित सोडवूच शकत नाही कारण तिचा रस्ता किती वेळात मोकळा होईल हे शेजारी किती वाजता काय ठरवतो यावर अवलंबून आहे. रस्ता मोकळा व्हायला जेवढा वेळ लागतो त्याला क्लिअरन्स टाइम म्हणतात. फ्लोरिडाच्या रीजनल कौन्सिलांनी २०१० मध्ये राज्यभर असा अभ्यास पुरा केला, विमानातून लेसरने जमिनीची उंची मोजून, कुठल्या झोनमध्ये किती लोक, किती गाड्या, किती तास, सगळं एकाच पद्धतीने, म्हणजे एका काउंटीचा तास आणि दुसऱ्या काउंटीचा तास एकच असेल. लोकांना बाहेर काढायचा निर्णय अजूनही ज्या त्या काउंटीचाच, पण ती आता शेजाऱ्याच्या गाड्या धरून ठरवते. टॅम्पा बेची कौन्सिल १९६२ पासूनची आहे, आणि इतकी वर्षं त्याच टेबलाभोवती बसायची सवय नसती तर वादळ तोंडावर आल्यावर हा हिशोब कुणी मान्य केला नसता असं मला ठामपणे वाटतं.

दक्षिण फ्लोरिडात समुद्राच्या पातळीचंही असंच. ब्रॉवर्ड, मायामी-डेड, मनरो आणि पाम बीच या ४ काउंट्यांनी २०१० मध्ये हवामान बदलावर करार केला. त्यात एक गंमतीची गोष्ट म्हणजे पहिल्या तीन काउंट्या एका रीजनल कौन्सिलमध्ये आणि पाम बीच दुसऱ्या, तरी पाणी काही कौन्सिलच्या हद्दी बघून चढत नाही म्हणून चौघींनी वेगळा करार केला. २०११ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी एकच अंदाज काढला, २०३० पर्यंत ३ ते ७ इंच आणि २०६० पर्यंत ९ ते २४ इंच वाढ, २०१० ची पातळी धरून, आणि नंतर नवीन माहिती आली तसतसा तो अंदाज सुधारत गेले. आता तुम्ही म्हणाल ९ ते २४ ही केवढी मोठी फट आहे, खरं आहे, पण चौघी जणी एकच फट धरून पंप, ड्रेनेज आणि रस्त्याची उंची ठरवतात हे महत्त्वाचं, नाहीतर एकीने रस्ता उचलायचा आणि पाणी दुसरीच्या अंगणात.

आता जिथे हे सगळं अडतं ते. तिकडे शहरांचा खर्च बराचसा स्थानिक करांवर चालतो, मालमत्ता कर, काही राज्यांत विक्री कर. त्यामुळे मोठा मॉल किंवा ऑफिसांचा कॉम्प्लेक्स आपल्या हद्दीत यावा आणि स्वस्त घरं शेजाऱ्याने बांधावीत असं प्रत्येकाला वाटतं, कारण मॉलमधून कर येतो आणि घरांबरोबर शाळेचा खर्च. इथे आकडा कितीही चोख असला तरी कौन्सिल हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नाही. आमच्याकडेसुद्धा रस्ता, पाणी, ओढा यावर माणसं मोकळेपणी बोलायची आणि घरांचा विषय निघाला की अख्खी खोली गप्प व्हायची, ते बघून मला खरंच वाईट वाटायचं कारण भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या बाजूने त्या टेबलावर कुणी नसायचं.

हे कोडं ज्यांनी थोडंफार सोडवलं तिथे राज्याने कायदा केलाय किंवा मतदारांनी अधिकार दिलाय. मिनेसोटात मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या भोवतीच्या उपनगरांत सेप्टिक टँकचं पाणी विहिरींत उतरायला लागलं, एकेका गावाला ते झेपेना, आणि १९६७ मध्ये राज्याने ७ काउंट्यांची मेट्रोपॉलिटन कौन्सिल काढली. तिचे सदस्य गव्हर्नर नेमतात आणि आज सांडपाणी आणि बससेवा ती स्वतः चालवते, म्हणजे ही नुसती सल्ला देणारी कौन्सिल नाही. त्याहून धाडसी गोष्ट म्हणजे १९७१ चा कायदा. त्या भागातल्या प्रत्येक शहरात व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेचं जे मूल्य त्या वर्षानंतर वाढलं त्यातला ४० टक्के हिस्सा एका सामायिक खात्यात धरायचा आणि लोकसंख्या आणि कुवत बघून सगळ्या शहरांत वाटायचा. ब्लूमिंग्टनसारखं मॉल आणि ऑफिसांचं शहर त्यात घालतं जास्त आणि घेतं कमी. अर्थातच प्रकरण कोर्टात गेलं, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये कायदा वैध ठरवला, आणि तो अजून चालू आहे. शेजारच्या गावात कारखाना आला तर आपल्यालाही थोडं मिळतं म्हटल्यावर जळफळाट जरा तरी कमी होतो. दुसरं उदाहरण ओरेगनमधल्या पोर्टलँडची मेट्रो, ३ काउंट्या आणि २४ शहरांसाठी, जिचे प्रतिनिधी लोक थेट निवडून देतात आणि शहर किती पसरायचं ती रेषा ती ठरवते. अशी थेट निवडलेली रीजनल संस्था अमेरिकेत ही एकच आहे, यावरून कळेल की असा अधिकार मिळणं किती अवघड आहे.

मतदानाचंही सांगायला पाहिजे कारण नव्या माणसाला वाटतं बहुमत म्हणजे बहुमत. पण दहा लाखांचं शहर आणि पाच हजारांचं गाव दोघांना एकेक मत दिलं तर मोठं शहर उठून जाईल, आणि लोकसंख्येवर मत दिलं तर छोट्यांनी यायचंच कशाला. सॅन दिएगोच्या कौन्सिलने, तिथे १८ शहरं आणि एक काउंटी, म्हणून अनेक वर्षं दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या, ठराव पास व्हायला सदस्यांचं बहुमतही लागायचं आणि लोकसंख्येच्या वजनाचंही. फ्लोरिडातल्या कौन्सिलांत दोन तृतीयांश जागा स्थानिक निवडून आलेल्यांच्या आणि एक तृतीयांश गव्हर्नरने नेमलेल्यांच्या. खरं सांगायचं तर ठराव मताला टाकायची वेळ आली म्हणजे काम आधीच बिघडलंय असं आमचे जुने लोक म्हणायचे आणि मला ते पटायचं, कारण हरलेलं शहर पुढच्या महिन्यात माणूस पाठवत नाही, आणि बऱ्याच कौन्सिलांमध्ये वर्गणी भरायची की नाही हेही शहराच्याच हातात असतं.

तर एखादी कौन्सिल खरी आहे की नुसती मीटिंगांची हे तुम्हाला तपासायचं असेल तर तिचा रिपोर्ट वाचत बसू नका, तिची टीआयपी काढा, ती लोकांसाठी खुली असते, आणि नकाशावर एकेक काम लावून बघा. सगळी कामं एकेका शहराच्या पोटात असतील तर त्यांनी पैसा वाटून घेतलाय एवढंच. हद्द ओलांडणारे रस्ते, पूल, बसमार्ग त्यात दिसले तर समजा की कुणीतरी पाटीपाशी दोघांना उभं करून मोजणी केलेली आहे.